२४ नऊवारी, १२० पिना : एका लेझीम पथकाचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

इंदूरच्या जुन्या मराठी वस्तीतलं एक महिला मंडळ. पाडव्याच्या शोभायात्रेत आपलंही लेझीम पथक हवं, असं ताईंनी संक्रांतीच्या हळदीकुंकवात बोलून दाखवलं आणि पंधरा दिवसांत २४ जणी जमल्या. सगळ्यात धाकटी नववीतली, सगळ्यात मोठी ६३ वर्षांची. पोशाख ठरवायला वेळ लागला नाही : नऊवारी, नथ, अंबाडा, गजरा. साड्या जिच्या तिच्या घरच्या. कुणाची आजीची इरकल, कुणाचं सुती पातळ, तिघींच्या महेश्वरी. नेसवायची जबाबदारी काकूंनी घेतली. लग्नामुंजीत आजवर किती जणींना नऊवारी नेसवली, याचा हिशेब खुद्द काकूंकडेही नाही.

मी पथकात नव्हते. हजेरी, पाणी आणि प्रथमोपचाराची पेटी एवढं माझ्याकडे होतं. ३१ वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं म्हणून सगळ्या मला बाई म्हणतात. हे सगळं लिहून ठेवतेय, कारण जे कळायला आम्हाला दोन फाटलेल्या साड्या आणि एक जखम मोजावी लागली, ते इतर पथकांना फुकट कळावं. माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून कुणाचंही नाव घेतलेलं नाही, काही खुणाही बदलल्या आहेत.

अडचण

पाडव्याला दहा दिवस उरले असताना एका शाळेच्या मैदानावर पूर्ण पोशाखात सराव ठेवला. काकू आणि त्यांच्या हाताखालच्या दोन मुलींनी प्रत्येकीला पाच पिना लावल्या : डाव्या खांद्यावर दोन, पदराचं टोक कमरेला खोचलं तिथे एक, निऱ्यांवर एक आणि मागे काष्ट्याला एक. एकूण १२०. बहुतेक पिना काकूंच्या डब्यातल्या, म्हणजे बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात वर्षानुवर्षं साठत गेलेल्या. कमी पडल्या त्या कोपऱ्यावरच्या दुकानातून आणल्या.

लेझीम जेमतेम वीस मिनिटं झाली असेल. आधी एकीचा पदर सुटला, मग तिच्या मागचीचा. हात डोक्यावर नेऊन वाजवायची पाळी आली की कुणाचा ना कुणाचा खांदा मोकळा होई. नववीतल्या मुलीची पिन उघडून टोक गळ्याच्या हाडापाशी टोचलं आणि हात खाली येताना बोटभर ओरखडा काढून गेलं. जखम खोल नव्हती, पण पिन गंजकी होती आणि मुलीला धनुर्वाताचं शेवटचं इंजेक्शन कधी दिलं ते आईला आठवेना, म्हणून डॉक्टरांनी एक दिलं. धनुर्वात गंजामुळे होत नाही, मातीतल्या जंतूंमुळे होतो. तरी मैदानात पडलेली, पुन्हा उचलून लावलेली पिन ही मातीच टोचते, हे विसरून चालत नाही.

सराव थांबवून ताईंनी डबा फिरवला. १७ पिना उघडलेल्या, ९ वाकून धनुष्य झालेल्या, ५ सापडल्याच नाहीत. ८९ जागेवर होत्या.

दोन साड्या फाटल्या. एक सुती होती, रोजच्या वापरातली, ती घरी शिवून झाली. दुसरी महेश्वरी, वांगी रंगाची, पथकातल्या एका सुनेनं सासूबाईंकडून मागून आणलेली. खांद्याजवळ बोटभर चीर गेली होती. महेश्वरीत ताणा रेशमाचा आणि बाणा सुताचा. पिनेच्या ओढीनं सुताचे आडवे धागे तुटून एका बाजूला गोळा झाले होते आणि रेशमाचे उभे धागे तेवढे शिडीच्या दांड्यांसारखे उघडे पडले होते. सून काही बोलली नाही. साडीची घडी घालताना ती चीर आतल्या बाजूला घेत होती, एवढं मी पाहिलं.

पहिला निर्णय : कुणी आणि काय सांगायचं

हे पिनांच्या विषयात बसत नाही असं वाटेल, पण पुढचं सगळं यातून निघालं. साडी रफू करून गुपचूप परत ठेवावी, असं दोघीतिघींचं मत पडलं. ताईंना ते पटलं नाही. पोशाख पथकानं ठरवला, पिना पथकानं लावल्या, तर सांगायलाही पथकानंच जायला हवं. दुसऱ्या दिवशी ताई आणि मी सुनेबरोबर गेलो.

सासूबाईंनी साडी उलगडली, चिरेतून तर्जनी आत घातली, खिडकीच्या उजेडात धरली आणि विचारलं, "पिन कुठली होती? दाखवा."

पिन माझ्या पर्समध्ये होती. त्यांनी तिचं टोक अंगठ्याच्या नखावर हलकेच ओढलं. टोक नखात रुतायला हवं, ते घसरलं. "हिला टोकच नाहीये," त्या म्हणाल्या. मग जरा थांबून, "आणि मला सांगा, नऊवारीला खांद्यावर पिन लागतेच कशाला? आम्ही याच साड्यांत विहिरीचं पाणी ओढलंय. कमरेची गाठ पक्की असायची आणि पदर खोचलेला असायचा. पिन कुणाकडे होती?"

परतताना ताई म्हणाल्या, "बाई, त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं." मला मात्र त्यांच्या दोन प्रश्नांनी घेरलं होतं. पिनेला टोक का नव्हतं, आणि पिन लागतेच कशाला.

पिन नेमकं काय करते

त्या रात्री काकूंचा डबा मी जेवणाच्या टेबलावर उपडा केला. काकू होत्या, पथकातली बी.एस्सी. करणारी एक मुलगी होती. डब्यातून टाचण्या निघाल्या (इथले दुकानदार त्यांना आलपिन म्हणतात, तो शब्द पोर्तुगीजांकडून आलेला, आपली टाचणी टाचण्यावरून), केसांचे आकडे निघाले, दोन ड्रॉइंग पिना निघाल्या आणि बाकी सगळ्या सेफ्टी पिना.

आधी टाचणी घेतली, कारण सगळ्या पिनांची मूळ गोष्ट तिच्यात आहे. टाचणीचं टोक म्हणजे पाचर. लाकडाच्या ओंडक्यात ठोकलेली पाचर जशी पुढे जाण्याचा जोर दोन्ही बाजूंना वळवते आणि ओंडका फाकवते, तशी टाचणी दोन धाग्यांना बाजूला सारत आत शिरते. माथ्याचा व्यास २ मिलिमीटर आणि टोकाचा ०.०५ मिलिमीटर धरला तर दोन्हींच्या क्षेत्रफळात १६०० पट फरक पडतो. बोटाला जाणवतही नाही असा दाब टोकाशी १६०० पट होऊन कापडाला भेटतो. टोक झिजून ०.२ मिलिमीटर झालं की तोच फरक फक्त १०० पट उरतो. मग आपण नकळत जोर वाढवतो, आणि धागे सरायच्या ऐवजी तुटतात. नखावर टोक ओढून पाहण्याची सासूबाईंची रीत म्हणजे याच पाचरेची परीक्षा.

टाचणी आत शिरली की तिला धरून ठेवतं ते फक्त घर्षण. बाजूला सारलेले धागे परत मिटू पाहतात आणि तिला आवळतात. एक टाका आत, एक बाहेर असं घेतलं तर पकड वाढते. तरी मागे सरकायला तिला अडवणारं काही नसतं, त्यामुळे लेझमीच्या हिसक्यांत टाचणी तासभर राहणं कठीण. टाचण्या बाजूला ठेवल्या.

सेफ्टी पिनेत टोकाची पाचर तर आहेच, शिवाय तरफ आहे. वेटोळं हा टेकू, हलणारी काडी ही तरफ, आणि दुसऱ्या टोकाला टोपी, जी काडीला अडवते. न्यूयॉर्कच्या वॉल्टर हंटनं १० एप्रिल १८४९ला हिचं पेटंट घेतलं आणि पुढे सगळे हक्क ४०० डॉलरला विकून टाकले. एकाच तारेची पिन, जोड नाही म्हणून तुटायला काही नाही, खीळ नाही म्हणून झिजायला काही नाही, असा त्याचा दावा होता. काकूंना यातलं वेटोळं कळेना. "नुसती वाकवली असती तार, तरी चाललं असतं की." नसतं चाललं. तार एकाच जागी वाकवली की सगळा ताण त्या एका जागी येतो आणि ती तशीच वाकडी राहते. वेटोळ्यात तारेची लांबी वाढते, वाकणं त्या सगळ्या लांबीवर वाटलं जातं, प्रत्येक तुकडा थोडाथोडाच वाकतो आणि सोडल्यावर मूळ जागी येतो. अलेक्झांड्रियाच्या हिरो नावाच्या प्राचीन ग्रीक यंत्रतज्ज्ञानं तरफ, पाचर अशी साधी यंत्रं पाच मोजली होती, उतरण नंतर धरली गेली, म्हणून आपण शाळेत सहा शिकवतो. स्प्रिंग त्या सहांत नाही. पण सेफ्टी पिनेतली तरफ आणि पाचर जागेवर राहतात ती याच स्प्रिंगमुळे.

मग आम्ही ओढून पाहिलं. दाराच्या चौकटीत खिळा, खिळ्याला पिनेची न हलणारी बाजू तारेनं बांधलेली, हलणाऱ्या काडीत जुन्या परकराची पट्टी आणि पट्टीला प्रवासी बॅग तोलायचा काटा. पिन ३८ मिलिमीटरची, मधल्या मापाची.

पट्टी टोपीजवळ ठेवून ओढली तेव्हा साधारण अडीच किलोला टोपीची कड फाकली आणि काडी सुटली. पट्टी मधोमध ठेवली तेव्हा तीन किलोच्या आसपास काडी धनुष्यासारखी वाकली आणि टोक टोपीतून मागे सरकून बाहेर आलं. पट्टी वेटोळ्याजवळ ठेवली तेव्हा काटा सात किलोवर गेला, पिन तशीच राहिली आणि पट्टी फाटू लागली.

हा तरफेचाच हिशेब आहे. ओढ वेटोळ्यापासून ६ मिलिमीटरवर असली तर टोपीच्या वाट्याला ३८ पैकी ६, म्हणजे जवळपास सहावा हिस्सा येतो. तीच ओढ ३२ मिलिमीटरवर गेली की टोपीला सहातले पाच हिस्से पेलावे लागतात. मैदानातल्या १७ उघडलेल्या आणि ९ वाकलेल्या पिना आता दोन वेगळ्या गोष्टी सांगू लागल्या. काकूंचा हात पिन नेहमी टोपीच्या बाजूनं कापडात घेई, कारण तिथून बंद करायला सोपं जातं. वेटोळ्याकडची अर्धी पिन रिकामी राही.

"मग वेटोळ्याजवळच लावू या," मुलगी म्हणाली. काकूंनी मान हलवली. "रेशीम त्या वेटोळ्यात जातं. एकदा अडकलं की साडी फाडल्याशिवाय निघत नाही. म्हणून तर मी लांब ठेवते."

म्हणजे काकूंच्या सवयीलाही कारण होतं, आणि ते खरं होतं. इथे आम्ही अडलो.

खरा प्रश्न काकूंनी विचारला

चहा झाला तेव्हा काकूंनी साडी उचलून हातात तोलली. "बाई, ही साडी काय वजनाची? यात अडीच किलोची ओढ आणतंय कोण?"

मी तीन तास पिनेकडे पाहत होते आणि हा प्रश्न मला सुचला नव्हता. साडी काट्याला लावली : ६४० ग्रॅम. सगळी साडी एका पिनेला टांगली तरी अडीच किलो होत नाहीत.

मुलीला नऊवारी नेसवली, पदर खांद्यावरून पाठीमागे, तिथून कमरेभोवती पुढे आणून खोचला आणि खोचलेल्या टोकाशी काटा धरला. हात खाली असताना काटा जेमतेम हलला. तिनं लेझीम धरल्यासारखे दोन्ही हात डोक्यावर नेले आणि काटा चार किलोच्या पुढे गेला. टेपनं मोजलं : कमरेपासून खांद्यापर्यंतचं अंतर हात वर केल्यावर साधारण पाच सेंटिमीटरनं वाढलं. पदर मात्र कमरेला आवळलेला, त्याला पाच सेंटिमीटर कुठून मिळणार? तो खांद्यावरच्या पिनेकडूनच मागून घेत होता, प्रत्येक ठेक्याला, वीस मिनिटं.

आम्ही पिना नेहमी हात खाली ठेवून, ताठ उभं करून लावत होतो. फोटोला तसंच छान दिसतं.

पर्याय

दुसऱ्या दिवशी पोहे-जलेबीच्या न्याहारीला सगळ्या बसल्या. काय काय सुचवलं गेलं आणि का सोडलं, ते क्रमानं सांगते.

आणखी पिना लावाव्यात, हे सगळ्यात आधी आलं. दोनच्या जागी चार. ऐकायला बरोबर वाटतं, पण पिना ओढ सारखी वाटून घेत नाहीत. कापड ताणलं जातं तेव्हा जी सगळ्यात आवळून बसलेली असते ती एकटीच आधी सगळं झेलते. ती उघडली की ओढ दुसरीवर जाते, मग तिसरीवर. मैदानात खांद्याच्या कडेची पिन बहुतेकींची आधी उघडली होती, आतली नंतर. शिवाय दर पिनेमागे साडीला दोन भोकं.

मोठ्या पिना आणाव्यात, असं ताईंचं म्हणणं. त्यात तथ्य होतं. माझ्याकडे स्क्रू गेज आहे, त्यानं तारांची जाडी मोजली. कोपऱ्यावरच्या दुकानातली पिन ०.७ मिलिमीटर, डब्यातली जुनी चांगली १ मिलिमीटर. गोल तारेचा ताठपणा व्यासाच्या चौथ्या घातानं वाढतो, म्हणून ०.७ची तार १ मिलिमीटरच्या तारेच्या साधारण चौथ्या हिश्श्याइतकीच ताठ. डोळ्यांना फरक दिसतही नाही, कामात चौपट आहे. पण जाड तारेचं भोकही मोठं आणि महेश्वरीला ते सोसवत नाही. म्हणून १ मिलिमीटरच्या वर जायचं नाही असं ठरलं. पितळेच्या पिनांचंही कुणीतरी सुचवलं, त्या लाल गंजत नाहीत म्हणून. पितळ पोलादाच्या निम्मंच ताठ आणि वाकलं की वाकलेलंच राहतं. त्या घेतल्या नाहीत.

शिवलेल्या तयार नऊवारी भाड्यानं आणाव्यात, हा पर्याय व्यवहाराला सर्वांत सोयीचा होता. ६३ वर्षांच्या आजींनी एका वाक्यात तो मिटवला, "मग मी माझ्या सासूबाईंची इरकल कधी नेसू?"

खांद्यावर आणि काष्ट्याला कच्चे टाके घालावेत, हे एका शिवणाऱ्या बाईंनी सुचवलं. टाका ओढ सगळ्या लांबीवर वाटतो, टोचत नाही, उघडत नाही. पण वेळ! एकीला सहा मिनिटं धरली तर २४ जणींना जवळजवळ अडीच तास, आणि यात्रा सकाळी. शिवाय मध्येच कुणाला पदर सोडावा लागला तर कात्री हवी.

पिनाच नकोत, हा सासूबाईंचा पर्याय. मनातून मला तोच सर्वांत आवडला होता. तो पूर्ण स्वीकारता आला नाही, कारण पथकातल्या निम्म्या जणी वर्षातून एकदा नऊवारी नेसणाऱ्या. गाठ आणि खोचणं अंगवळणी पडायला दहा दिवस पुरत नाहीत. पण त्यातला विचार घेतला : साडी पेलायची ती गाठीनं आणि खोचण्यानं. पिनेनं फक्त पदराची जागा राखायची.

काय केलं

ताई आणि मी राणीपुऱ्यातल्या घाऊक दुकानात गेलो. एक ग्रोस, म्हणजे १४४ पिना घेतल्या. घरी आणून प्रत्येक पिनेचं टोक नखावर पाहिलं, ११ बाद केल्या. डब्यातल्या गंजक्या पिना सरळ भंगारात दिल्या. गंज फक्त रंग लावत नाही. लोखंडाचा गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, त्यानं पृष्ठभाग खरखरीत होतो आणि पाचरेची कानस बनते. घाम खारट, म्हणून खांद्याच्या पिना सगळ्यात आधी जातात, आणि त्यातही वेटोळ्यापाशी, जिथे मुलामा वाकून तडकतो. निवडलेल्या पिना काकूंनी अंगाच्या साबणाच्या वडीत खोचून ठेवल्या. साबणानं टोक बुळबुळीत होतं आणि रेशमात न अडता जातं. जुन्या बायका सुई डोक्याच्या तेलकट केसांवरून ओढून घेत, त्यातलंच हे.

वेटोळ्याची अडचण मण्यानं सुटली. हे काही आम्ही शोधलेलं नाही, साडी नेसवणाऱ्या अनेक जणी करतात. काकूंनी मात्र कधी केलं नव्हतं. पिन उघडून काडीत चार मिलिमीटरचा मणी ओवायचा आणि तो वेटोळ्यापर्यंत सरकवायचा. कापड मण्याला टेकतं, वेटोळ्यात जात नाही, आणि तरीही ओढ टेकूजवळच राहते. काकूंनी पहिली पिन अशी लावली, पदर दोनदा हिसडला, मणी बोटानं फिरवून पाहिला आणि म्हणाल्या, "चाळीस वर्षं मी उगाच लांब ठेवत होते." त्यानंतरच्या सगळ्या पिनांत मणी त्यांनी स्वतः ओवले.

पिनेखाली, पोलक्याच्या आतून, सुती अस्तराचा दोन बोटांचा तुकडा. पिन पदराच्या सगळ्या घड्यांतून घ्यायची, एकेरी कापडातून कधीही नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं : नेसवताना प्रत्येकीनं दोन्ही हात डोक्यावर न्यायचे, पदर त्या अवस्थेत कमरेला खोचायचा आणि मग खांद्याची पिन लावायची. हात खाली आले की पाठीवर पदराला थोडा झोळ पडतो. मुलींना तो आवडला नाही. दोघी आरशासमोर उभ्या राहून झोळ ओढून सारखा करत होत्या. त्यांना पुन्हा हात वर करायला लावलं. पिन कुठे ताणते ते स्वतःच्या खांद्याला कळल्यावर त्यांनी ओढणं थांबवलं.

काष्ट्याला पिन नाही, चार कच्चे टाके. बसता-वाकताना तिथली पिन उघडली तर काय होईल, याचा विचारही नको होता. अशा रीतीनं प्रत्येकी तीन पिना : खांद्यावर एक, कमरेला एक, निऱ्यांवर एक. एकूण ७२. देताना मोजून, घेताना मोजून.

निकाल

शोभायात्रा दोन तास चालली, त्यात लेझीम सव्वा तास तरी झाली. साडी एकही फाटली नाही, कुणाला टोचलं नाही. दोन पिना उघडल्या. त्यातली एक अशा बाईंची, ज्या उशिरा पोचल्या आणि ज्यांना रस्त्याच्या कडेलाच, घाईत, हात खाली ठेवून पिन लावली गेली. दुसऱ्या पिनेचा मणी काचेचा होता, तो तडकून पडला होता आणि पिन टोपीकडे सरकली होती. एकीचा काष्ट्याचा टाका सुटला. दोरा जुना असावा. पण काष्टा घट्ट खोचलेला होता म्हणून तिला घरी जाईपर्यंत कळलंही नाही.

परत आलेल्या पिना ७०.

महेश्वरी रफू होऊन आली. रफूवाल्यानं साडीच्याच आत खोचल्या जाणाऱ्या टोकाचे धागे काढून चीर भरली, उजेडात धरली तरच दिसते. खर्च मंडळानं दिला. सासूबाई पाडव्याला तीच साडी नेसून, खांद्यावर पिन न लावता, रस्त्याच्या कडेला उभ्या होत्या.

वेगळं काय करता आलं असतं

मागून आणलेली साडी सरावाला नेसू द्यायलाच नको होती. सरावाला सुती पातळ, हा नियम पहिल्या दिवशी करायला हवा होता आणि तो करणं माझ्या हातात होतं, कारण हजेरीची वही माझ्याकडे होती.

मी पिनेपासून सुरुवात केली, ओढीपासून नाही. काकूंचा प्रश्न आधी विचारला असता तर हात वर करण्याची गोष्ट पहिल्याच संध्याकाळी, परकर न फाडता कळली असती. चौकटीतल्या खिळ्यावरचा प्रयोग वाया गेला असं मला वाटत नाही, मणी त्यातूनच आला. पण क्रम चुकला.

हरवलेल्या पाच पिनांचं तर आम्ही लाजिरवाण्या हलगर्जीपणानं घेतलं. ते शाळेचं मैदान होतं. तिसऱ्या दिवशी तिथे खेळणाऱ्या एका मुलाच्या चपलेच्या तळात एक पिन निघाली, सुदैवानं पायापर्यंत पोचली नव्हती. मग जुन्या स्पीकरचं चुंबक सुतळीला बांधून दोघींनी मैदानभर ओढलं, तेव्हा आणखी तीन मिळाल्या. पाचवी मिळाली नाही. पितळेची असेल तर चुंबकाला लागणारही नाही. चुंबक फिरवणं आता सरावाच्या दिवशीच, सगळ्या निघायच्या आधी.

मणी काचेचा नको, लाकडाचा किंवा प्लॅस्टिकचा हवा. उशिरा येणाऱ्यांसाठी एक जण नेमलेली हवी, जी घाई कितीही असली तरी हात वर करायला लावील.

काष्ट्याच्या टाक्यांवर काकूंचं आणि माझं अजून जमलेलं नाही. त्यांच्या मते मणी घातलेली, वेटोळं वर ठेवून लावलेली पिन तिथेही टिकेल आणि टाक्यांचा वेळ वाचेल. मला बसताना पडणारी ओढ मोजल्याशिवाय पटत नाही. पुढच्या माघात सराव सुरू झाला की १२ जणींना टाके आणि १२ जणींना पिन, सुती पातळांवर, असं करून पाहायचं ठरलं आहे. काटा माझ्याकडे आहे, मणी काकूंकडे.